आयआयएमची मुलाखत आणि ‘स्वतःसारखे राहा’ नावाची फसवणूक

नोव्हेंबरच्या शेवटी कॅट होते, त्यानंतर महिनाभराच्या आत-बाहेर पर्सेंटाइल हातात येते आणि मग आपल्या पोरांचे फोन सुरू होतात. कॉल आलाय, आता काय करू? क्लासवाला म्हणतो, काही विशेष नाही, मुलाखतीत फक्त स्वतःसारखे राहा. बी युवरसेल्फ! यूट्यूबवरचा टाय लावलेला मार्गदर्शकही तेच सांगतो. आधीच तिथे पोचलेला सिनिअरही तेच सांगतो, कारण त्यालाही कोणीतरी तेच सांगितलेले असते.

आमचा साधा सवाल आहे. हा सल्ला परवडतो कोणाला?

ज्याच्या घरी जेवताना शेअर बाजारावर बोलणे होते, ज्याचा मामा कन्सल्टिंगमध्ये आहे, ज्याची शाळा आणि पॅनेलवरच्या प्राध्यापकाची शाळा एकाच जातीची आहे (इथे जात हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत), त्याला स्वतःसारखे राहायला काहीच करावे लागत नाही. त्याचे ‘स्वतः’ आणि समोर बसलेल्यांचे ‘स्वतः’ एकाच कापडातून बेतलेले असते. पण जो मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून, समाजकल्याणच्या वसतिगृहातून, मराठी माध्यमातून वर आला आणि इंजिनिअरिंगनंतर हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत रात्रपाळी करत कॅटचा अभ्यास करत राहिला, त्याला हाच सल्ला दिला की तो गोंधळतो. त्याला आयुष्यभर उलटे शिकवलेले असते. आडनाव हळू सांग, वस्तीचे नाव टाळ, वडील काय करतात विचारले तर ‘सर्व्हिस’ म्हण. आणि वीस मिनिटांच्या त्या खोलीत मात्र एकदम स्वतःसारखा हो!

मुलाखतीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ हाच असतो. दिसायला निरागस. महाराष्ट्रातल्या माणसाला आडनावातच बरेच काही कळते. बाहेरच्या प्राध्यापकाला कळत नाही, म्हणून तो गाव विचारतो, शाळा विचारतो, वडिलांचा व्यवसाय विचारतो, घरात पहिले पदवीधर तुम्हीच का म्हणून विचारतो. प्रत्येक प्रश्न सुटा घेतला तर सभ्य आहे. एकत्र घेतले तर त्यातून जातीचा दाखला तयार होतो. तहसीलदाराची सहीसुद्धा लागत नाही.

हा आमचा कल्पनाविलास नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आम्ही जात बघत नाही, फक्त मेरिट बघतो, असे हे अधिकारी छातीठोकपणे सांगत होते. आणि त्याच दमात उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ आम्हाला फार महत्त्वाची वाटते, असेही सांगत होते. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठांतून बाहेर पडणारे दलित आणि बिगरदलित विद्यार्थी घेऊन त्यांच्या नोकरीच्या वाटेचा माग काढला, त्यातही मुलाखतीतला हा कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तर उमेदवाराला समोर आणलेच नाही. सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे कमी आले. तोंड न बघता ही गत असेल, तर तोंड बघितल्यावर काय होत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

लेखी आणि तोंडी गुणांची तुलनाही झालेली आहे. जेएनयूमध्ये प्रवेशाच्या शंभर गुणांपैकी ३० गुण व्हायवाला होते. विद्यापीठानेच नेमलेल्या अब्दुल नाफे समितीने २०१६ मध्ये लेखी आणि तोंडी गुण शेजारी शेजारी ठेवून पाहिले. वेगवेगळ्या सामाजिक गटांच्या लेखी आणि तोंडी गुणांतली तफावत एका ठरावीक दिशेने जाताना दिसली, भेदभावाकडे बोट दाखवणारी. समितीने व्हायवाचे गुण ३० वरून १५ वर आणा असे सुचवले. हे डाव्या विचारांसाठी, सामाजिक न्यायासाठी नाव असलेल्या विद्यापीठात! मग ज्या संस्थांच्या प्राध्यापकवर्गात आपली माणसे शोधावी लागतात, ज्या संस्थांनी २०१९ च्या शिक्षक आरक्षणाच्या कायद्यातून आम्हाला वगळा म्हणून सरकारकडे धाव घेतली, त्यांच्या पॅनेलवर काय अपेक्षा ठेवायची?

आता वजनाकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. अहमदाबादच्या आयआयएमने अलीकडच्या वर्षांत जाहीर केलेल्या निकषांत अंतिम निवडीतला निम्मा वाटा मुलाखतीचा आहे आणि कॅटचा चौथाई. म्हणजे लाखो मुलांमधून तुम्ही ज्या लेखी परीक्षेत वर आलात तिची किंमत, दोन-तीन माणसांनी वीस मिनिटांत बनवलेल्या मताच्या अर्धी. शेजारी यूपीएससी ठेवून बघा. मुख्य परीक्षेचे लेखी गुण १७५०, मुलाखतीचे २७५, एकूण २०२५. मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. जिल्हा चालवणारा कलेक्टर निवडायला साडेतेरा टक्के पुरतात आणि साबण विकणारा मॅनेजर निवडायला पन्नास टक्के लागतात, हे गणित कोणत्या व्यवस्थापनशास्त्रात बसते?

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न केव्हाच हाताळलेला आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचा खटला होता, अजय हासिया नावाचा. लेखीला १०० गुण, तोंडीला ५०. उमेदवारांची तक्रार अशी की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि तीत विचारले काय, तर आईवडील कोण आणि राहता कुठे. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. अशा प्रवेशात तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. शक्य असेल तर मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, अशी सूचनाही केली. त्या काळी टेपरेकॉर्डर लागत होता. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, बऱ्याच मुलाखती तर ऑनलाइनच होतात, तरी रेकॉर्डिंगचे नाव काढले की संस्थांना गोपनीयता आठवते. आमच्या विरोधकांना आधीच सांगून ठेवतो, हा निकाल पदवीपूर्व प्रवेशाबद्दलचा होता आणि वयाने मोठ्या, अनुभवी उमेदवारांच्या बाबतीत न्यायालयांनी तोंडीला जास्त वजनही चालवून घेतले आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण १९८५ मध्ये हरियाणाच्या अशोककुमार यादव खटल्यात, सरकारी नोकरीच्या निवडीतसुद्धा, २२ टक्के तोंडी गुण जास्त ठरले होते. तेव्हा ५० टक्क्यांचे समर्थन करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

मुलाखतीशिवाय चांगला व्यवस्थापक निवडताच येत नाही, हा पुढचा युक्तिवाद. त्याला उत्तर मुंबईतच चर्चगेटजवळ उभे आहे. १९६५ सालची जमनालाल बजाज संस्था राज्याच्या सीईटी आणि केंद्रीय प्रवेश फेरीतून मुले घेते, त्यासाठी मुलाखत होत नाही. तरी तिथे कंपन्या रांग लावतात. मुलाखतीवाचून कोणाचे काही बिघडले असेल, तर ते आमच्या ऐकण्यात नाही.

आता आपल्यातलाच एक हुशार कार्यकर्ता उठून म्हणेल, हा सगळा त्रागा कशाला? १५ टक्के जागा अनुसूचित जातींच्या, साडेसात जमातींच्या, २७ ओबीसींच्या. मुलाखतीत कितीही भेदभाव झाला तरी आपल्या जागा आपल्यालाच मिळणार. हे अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे फार घातक असते. जागा आपल्यालाच मिळतात, पण आपल्यातल्या कोणाला, हे ती खोली ठरवते. ९२ पर्सेंटाइलचा वसतिगृहातला मुलगा मागे पडतो आणि त्याच प्रवर्गातला, त्याच्याहून कमी पर्सेंटाइलचा पण कॉन्व्हेंटची इंग्रजी बोलणारा अधिकाऱ्याचा मुलगा पुढे जातो. दोघेही आपलेच, आम्हाला कोणाचाही राग नाही. पण पहिल्या पिढीतल्या पोराला आरक्षणाच्या आतसुद्धा सवर्णी चाळणीतून गाळले जात असेल, तर ते बघायचे कोणी? आणि दुसरे म्हणजे, आरक्षण संस्थेच्या दारापर्यंत आहे. आत गेल्यावर काही महिन्यांतच उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती येतात, मग प्लेसमेंट येते. खासगी कंपनीत आरक्षण नाही. तिथे मुलाखत हाच दरवाजा आणि तीच भिंत. २०१२ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीमध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा एक अभ्यास आला होता. नऊ हजारांवर संचालकांपैकी ९३ टक्के उच्चजातीय, अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. या मंडळांवर कोणी लेखी परीक्षा देऊन पोचलेले नाही.

मग तयारी करायची नाही का? करायची, जीव तोडून करायची. पण कोणती, यावर आमचे क्लासवाल्यांशी भांडण आहे.

बाजारात दोन प्रकारची तयारी मिळते. पहिलीत आपल्या पोराला घासूनपुसून त्यांच्यासारखा करतात. छंद म्हणून ट्रेकिंग लिही, आवडता लेखक म्हणून कोणी अमेरिकन मोटिव्हेशनवाला सांग, गावाचे नाव न सांगता ‘निअर औरंगाबाद’ म्हण. पॅनेल दोन प्रश्नांत हे रंगकाम खरवडून काढते. शेवटचा ट्रेक कोणता केला? पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात काय आहे? पोरगा तिथेच घामाघूम होतो. दुसरी तयारी आपल्यातच काही जण देतात. सगळे दुःख सांग, गरिबी सांग, डोळ्यांत पाणी येऊ दे. हे आम्हाला पहिल्यापेक्षाही अपमानकारक वाटते. आपण कोणाच्या दारात दया मागायला गेलेलो नाही. सहानुभूती पाच मिनिटे टिकते, त्यानंतर पॅनेल मागणी-पुरवठ्याचा प्रश्न विचारते आणि रडून झालेल्या मुलाकडे उत्तर नसते.

आमचे म्हणणे वेगळे आहे. तुमच्या घराला जे माहीत आहे ते ज्ञान आहे, त्याला ज्ञान म्हणून मांडायला शिका.

एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण अशी पोरे मराठवाड्यातून मोठ्या संख्येने येतात. आईवडील ऊसतोडीला जातात. क्लासवाला सांगेल, ‘अ‍ॅग्रिकल्चर’ म्हणून सोडून दे. का सोडायचे? ऊसतोड हे काय आहे, नीट बघा. कारखान्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चार-पाच महिने रोज ठरावीक टन ऊस गव्हाणीवर पाहिजे. ऊस तोडल्यावर वेळ गेला की त्यातली साखर उतरते, म्हणजे माल नाशवंत आहे. मजूर शेकडो किलोमीटर लांबून आणायचा आहे. तो येईल याची खात्री नाही म्हणून हंगामाआधी उचल द्यायची. उचल कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मुकादमाकडे जाते, मुकादमाकडून कोयत्याकडे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांच्या कष्टाचा हिशेब एका नावावर मांडला जातो आणि बाईची मजुरी वहीत वेगळी दिसतच नाही. मजुरी टनावर, वजनकाटा कारखान्याचा, हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीचा मजूर आजच बांधला जातो.

आता सांगा, यात खेळते भांडवल आहे की नाही? पुरवठा साखळी आहे की नाही? एकाच्या वतीने दुसरा काम करतो आणि दोघांचे हित वेगळे असते, हा जो एजन्सीचा प्रश्न व्यवस्थापनाच्या पुस्तकात पहिल्याच वर्षी शिकवतात, तो मुकादम नाही तर दुसरा कोण आहे? माहिती एकाच बाजूला साठल्यावर बाजार कसा बिघडतो, याचे वजनकाट्याहून चांगले उदाहरण प्राध्यापकाकडे तरी आहे का? ज्या पोराने आठव्या वर्षी आईच्या डोक्यावरची मोळी मोजली, तो ‘व्हाय एमबीए’ या प्रश्नाला पाठ केलेले लीडरशिपचे वाक्य फेकत असेल, तर दोष त्याचा नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही की ही केस स्टडी त्याच्याकडे आहे. त्याने एवढेच म्हणावे: माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत, मी या साखळीचा सगळ्यात खालचा टप्पा आतून पाहिला आहे, तिच्यात पैसा कुठे अडतो हे मला माहीत आहे आणि ती कशी सुधारता येईल हे शिकायला मी आलो आहे. आवाज न चढवता, मान खाली न घालता. मग पॅनेलने यंत्राने तोडणी झाली तर काय, मजूर कोठे जाईल, असे विचारू दे. त्या प्रश्नाचा अभ्यास करून जा. तिथे चर्चा तुमच्या मैदानावर होते.

नगरपालिकेच्या सफाई कामगाराच्या घरातल्या पोरीने कायम नोकरी आणि ठेकेदारी यांतला फरक आकड्यांत सांगता आला पाहिजे. ठेकेदाराची निविदा कशी निघते, भविष्य निर्वाह निधी कुठे गळतो, हातमोजे आणि बूट कागदावर कसे वाटले जातात. ज्याची आई बचत गट चालवते त्याला गटाचा व्याजदर, मायक्रोफायनान्सचा व्याजदर आणि सावकाराचा व्याजदर तोंडपाठ हवा. वीटभट्टी असो, भंगार असो, बँडपथक असो, हिशेब सगळीकडे आहे. घरी फोन करा आणि विचारा. आमचा अनुभव असा की सरावाला बसलेल्या निम्म्या मुलांना बापाच्या कामाचा पुरता तपशील सांगता येत नाही. शिक्षणाने त्यांना त्या कामाकडे पाठ करायला शिकवले आहे.

आता आदर्श कोण, हा प्रश्न. क्लासमध्ये सांगतात, आंबेडकरांचे नाव घेऊ नका, ‘प्रेडिक्टेबल’ वाटते. गांधी, टाटा, कलाम सांगितले की कोणाला काही प्रेडिक्टेबल वाटत नाही! आम्ही म्हणतो, बाबासाहेबांचेच नाव घ्या. पण मग पुढच्या प्रश्नाला उभे राहण्याची तयारी ठेवा, आणि इथे आपल्याच माणसांना दोन शब्द सुनावणे भाग आहे. मोटारसायकलवर निळा झेंडा आहे, प्रोफाइलला फोटो आहे, पण ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ मध्ये बाबासाहेबांचे म्हणणे काय होते असे विचारले की दहातले नऊ गप्प. १९२३ चे पुस्तक आहे. विषय असा की रुपयाचा संबंध सोन्याशी कसा जोडावा. केन्ससारखा अर्थशास्त्रज्ञ सुवर्ण विनिमय परिमाणाच्या बाजूने उभा होता. बाबासाहेबांनी त्याच्या विरुद्ध बाजू घेतली, कारण त्या पद्धतीत चलन किती काढायचे यावर सरकारला लगाम राहत नाही आणि रुपयाची खरेदीशक्ती घसरली की मार गरिबाला बसतो. पुढे हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. एवढे नीट सांगता आले तर पॅनेलवरचा अर्थशास्त्राचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

आणि कृपा करून, बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली हे व्हॉट्सअ‍ॅपचे वाक्य तिथे टाकू नका. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, कायदा १९३४ चा, बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. बाबासाहेबांचे योगदान आयोगासमोरच्या साक्षीत आणि ग्रंथात आहे, ते जेवढे आहे तेवढेच प्रचंड आहे. त्याला फुगवले की समोरचा एका टाचणीने फोडतो आणि हवा आपल्या पोराची जाते.

व्यवसायाशी बाबासाहेबांचा संबंध काय, असे कोणी विचारलेच, तर धनंजय कीरांच्या चरित्रातली एक गोष्ट सांगावी. परदेशातून परतल्यावर त्यांनी शेअर आणि रोखे यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. कोलंबियाचे अर्थशास्त्र शिकलेला माणूस होता तो! मेरिट मेरिट म्हणतात ते बाजारात कसे चालते, हे एवढ्या एका पेढीवरून कळते.

आरक्षणाचा प्रश्न येणारच. कधी सभ्यपणे, कधी डिवचायला. तुम्हाला कमी पर्सेंटाइलवर कॉल आला, तुमच्यामुळे कोणाची तरी जागा गेली असे वाटत नाही का? इथे भडकू नका आणि माफीही मागू नका. उत्तर लहान ठेवा. ही जागा कोणाची गेलेली नाही, घटनेने ती या प्रवर्गासाठीच ठेवलेली आहे. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती कोणत्या खटल्यामुळे झाली, १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात काय आहे, २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांचे दहा टक्के आले तेव्हा मेरिटची ओरड का झाली नाही, हे माहीत पाहिजे. १ ऑगस्ट २०२४ चा उपवर्गीकरणाचा निकालही विचारतील. त्यावर चळवळीत दोन मते आहेत, दोन्ही नीट मांडता आली पाहिजेत, मग तुमचे मत सांगा. सभेतले भाषण तिथे चालत नाही. पण मत लपवूनही चालत नाही, लपवलेले मत चेहऱ्यावर दिसते.

इंग्रजीबद्दल फार घाबरवून ठेवलेले आहे. अडखळत बोलणारा हुशार आणि फाडफाड बोलणारा पोकळ, दोन्ही पॅनेलला ओळखू येतात. निदान ज्याला ओळखायचे आहे त्याला तरी. छोटी वाक्ये बोला, न कळलेला प्रश्न पुन्हा विचारा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ब्लेझर मित्राचा घेतला तरी चालतो, मापाचा बघा. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आधीच काढून ठेवा, ओबीसींनी नॉन-क्रीमीलेअरची तारीख तपासा. शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे म्हणून पाय मागे घेऊ नका. सामाजिक न्याय मंत्रालयाची अनुसूचित जातींसाठीची टॉप क्लास शिष्यवृत्ती आयआयएमना लागू आहे, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, तिच्या जागा मोजक्या असतात म्हणून अर्ज वेळेत करा.

आतापर्यंत जे सांगितले ते पोराने करायचे. पण पोरगा एकटा हे करू शकत नाही. सवर्ण घरातला मुलगा मुलाखतीची तयारी क्लासमध्ये करतो असे ज्यांना वाटते, त्यांना ते घर माहीत नाही. तो लहानपणापासून काकाशी, काकाच्या मित्राशी, वडिलांच्या साहेबाशी बोलतच ती तयारी करत असतो. त्याचे मॉक इंटरव्ह्यू दिवाळीच्या फराळाला होतात. आपल्या पोराला असा काका नाही. तो काका चळवळीने व्हायचे आहे.

आपल्यात आता माणसे नाहीत असे नाही. बँकेत अधिकारी आहेत, महावितरणला अभियंते आहेत, एलआयसीत, विक्रीकरात, विद्यापीठात आहेत, हिंजवडी आणि बंगळुरूला तर आहेतच. यातले कित्येक जण १४ एप्रिलला हजार रुपये वर्गणी देऊन समाजाचे देणे फिटले असे समजतात. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल काय बोलले, ते यांनाही पाठ आहे. आम्हाला त्यांची वर्गणी नको, शनिवारची संध्याकाळ हवी. ६ डिसेंबर ते १४ एप्रिल हा आपल्या अभिवादनाचा आणि जयंतीच्या तयारीचा काळ, आणि नेमका हाच मुलाखतींचा हंगाम. एका डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात तालुक्याच्या विहारात महिनाभर सराव चालवता येतो. एक टेबल, तीन खुर्च्या, एक फोन रेकॉर्डिंगला. तीनपैकी एक जण मुलाला न ओळखणारा हवा आणि एक बाई हवीच. प्रश्न बोचरे विचारायचे, कारण विहारात बोचले तर चालते. रेकॉर्डिंग मुलाने स्वतः बघायचे, आणि ते ग्रुपवर कुणी फिरवायचे नाही.

यावर आपल्यातले काही कडवे मित्र म्हणतात, एमबीए म्हणजे भांडवलदाराची चाकरी, चळवळीने त्यात वेळ का घालवायचा? या मित्रांचा आम्ही आदर करतो. त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ पुन्हा काढून वाचावे. शेती आणि मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे लिहिणारा माणूस चलन, करपद्धती आणि विमा यांतला बारीक कायदा जाणत होता, म्हणून त्याचे म्हणणे खोडणे अवघड गेले. ताळेबंद न वाचता भांडवलशाहीला शिव्या देणे सोपे आहे. आणि कारखान्याचा ठेका कोणाला, कामगार कायम की कंत्राटी, सीएसआरचा पैसा कोणत्या गावात, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपले कोणीच नसेल, तर बाहेर घोषणा देणाऱ्याला आतली बातमी तरी कोण देणार?

सराव आणि संघर्ष बरोबरच चालवावे लागतील. पोरगा आत बसून उत्तर देत असताना बाहेर आपण खोलीचे नियम बदलायला लावायचे. मागण्या फार अवघड नाहीत. मुलाखतीचे वजन १५ टक्क्यांवर आणा. प्रत्येक मुलाखत रेकॉर्ड करा आणि उमेदवाराने मागितली तर द्या. प्रत्येक पॅनेलवर अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी समाजातला एक तरी सदस्य ठेवा. मिळत नाही म्हणत असाल तर तुमच्या भरतीचा हिशेब आधी द्या. वडिलांचा व्यवसाय आणि कुटुंबाची पार्श्वभूमी हे प्रश्न गुणांकनातून बाहेर काढा. उमेदवाराने स्वतः विषय काढला तर गोष्ट वेगळी.

आयआयएम माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. दहा रुपयांचा अर्ज आहे. या हंगामाचे अंतिम निकाल लागले की प्रत्येक जिल्ह्यातून एकाने एका संस्थेकडे अर्ज टाकावा. मागायचे एवढेच: मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवारांचे प्रवर्गनिहाय सरासरी कॅट गुण, त्याच उमेदवारांचे प्रवर्गनिहाय सरासरी मुलाखत गुण, पॅनेल सदस्यांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि तीन वर्षांत रिकाम्या राहिलेल्या राखीव जागा. कोणाचेही नाव मागू नका, म्हणजे खासगी माहितीची सबब उरत नाही. उत्तर आले नाही तर ३० दिवसांनी पहिले अपील. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा, नाफे समितीने जेएनयूत जसा तक्ता मांडला तसा आपण आयआयएमचा मांडू.